अख्खी नानकटाई

परवा लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीत टेलरकाकांकडे गेले होते. जानेवारीत भाचीचं लग्न आहे आणि मला माझ्या लग्नातली पैठणी नेसायची आहे. साडीचा प्रश्न नाही, साडी कुणालाही येते. प्रश्न ब्लाउजचा. काकांनी ब्लाउज उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ताई, माया संपली. दोनदा उसवून झालंय हे."

शिवताना आत जे जादा कापड सोडतात त्याला आपल्याकडे माया म्हणतात. लहानपणापासून हा शब्द ऐकत आलेय, पण त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर उभी असताना पहिल्यांदा नीट ऐकला. पुढे या बाईचं अंग वाढणार, हे ज्याने 2003 मध्ये तो ब्लाउज शिवला त्याला तेव्हाच माहीत होतं, आणि त्यात त्याला काही गैर वाटलं नव्हतं. त्याने सोय करून ठेवली होती. मी मात्र पुढची वीस वर्षं ती सोय वापरायची वेळ आली की दर वेळी मान खाली घालून दुकानात गेले.

हे सगळं लिहायचं कारण दिवाळी. दिवाळी होऊन महिना उलटला, पण ती एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

आमच्याकडे दिवाळीत नानकटाई माझ्याकडे असते. चकली सासूबाईंची, करंज्या जाऊबाईंच्या, नानकटाई माझी. हे मी माझ्या आजीकडून घेतलं. आजी नारायण पेठेत राहायची. घरात ओव्हन असायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे पीठ घरी मळायचं आणि भाजायला बेकरीत न्यायचं. वसुबारसेच्या आसपास बेकरीबाहेर डबे, पाट्या, टॉवेलने झाकलेल्या पराती यांची रांग लागायची. बेकरीवाला काळे पत्रे द्यायचा, त्यावर तिथेच बसून नानकटाया थापायच्या, मधे बोटाने खळगा करून चारोळी दाबायची, नावाची चिठ्ठी लावायची आणि वाट बघायची. भट्टीचं तोंड उघडलं की धग थेट गालावर यायची. लांब दांड्याच्या फळीवरून पत्रे आत सरकताना आम्ही पोरं डोळे फाडून आपली चिठ्ठी शोधायचो.

आजी अंगाने चांगली रुंद होती. नऊवारी नेसायची. नऊवारीला मापच नसतं, जसं अंग तसा कासोटा. तिच्या तोंडून स्वतःच्या वजनाबद्दल एक अक्षर मी ऐकलेलं नाही. शरीराबद्दल बोलायची ती गुडघ्यांबद्दल. "आज बोलतायत गं गुडघे," बस्स. भट्टीतून पत्रे बाहेर आले की गरम नानकटाई हाताला मऊ लागते, गार झाल्याशिवाय खुसखुशीत होत नाही, म्हणून काढताना हमखास काही तुटायच्या. त्या तुटक्या आजी तिथेच पायरीवर बसून आमच्याबरोबर खायची, पदराला हात पुसत. इतकी वर्षं मी ही आठवण अशीच सांगत आले, की बघा, आजीला खाण्याचं कसं काही वाटायचं नाही, किती मोकळी होती ती.

या वर्षी दिवाळीच्या आधी रात्री साडेअकराला मी ओट्याशी उभी होते. तूप आणि पिठीसाखर परातीत तळव्याने फेसून फेसून पांढरी, हलकी झाली होती, थेंब पाण्यात टाकला तर तरंगत होता. तुपाच्या दुप्पट मैदा, त्यात मूठभर बेसन, जायफळ, वेलची. ओव्हन 160 वर. चार घाणे निघाले. अख्ख्या नानकटाया मोजून डब्यांत भरल्या: सासरच्या, माहेरच्या, बँकेतल्या, खालच्या वॉचमनदादांच्या. आणि पत्र्यावर उरलेला चुरा उभ्या उभ्याच चिमटीने तोंडात टाकत होते. तेव्हा मला आजी आठवली आणि पहिल्यांदा लक्षात आलं, की आजीने सुद्धा आयुष्यभर तुटक्याच खाल्ल्या. अख्खी नानकटाई बशीत घेऊन बसलेली आजी मला आठवतच नाही.

ती मोकळी होती की नाही हे मला आता सांगता येत नाही. तिच्या काळात बाईने शेवटी खायचं, उरलंसुरलं खायचं, हा नियम होता. माझ्या काळात बाईने खायचंच नाही, आणि खाल्लं तर फेडायचं, हा नियम आहे. नियम बदलला, पण अख्खी नानकटाई अजून आमच्या वाट्याला आलेली नाही.

फेडायचं म्हणजे काय ते सांगते. माझं वजन 78 किलो आहे आणि उंची 5 फूट 2 इंच. लग्नात 52 किलो होते. मधे एक बाळंतपण, थायरॉइड, बाबांच्या आजारपणातली दोन वर्षं, हे सगळं येऊन गेलं. त्याचा हिशेब मी कुणालाच देणं लागत नाही, म्हणून इथेही देत नाही. पण स्वतःला मात्र रोज देत होते. एक नानकटाई म्हणजे सारसबागेला दोन चकरा, एक करंजी म्हणजे तीन. हे मी मोठ्याने म्हणायचे, घरात सगळ्यांसमोर. मला ती शिस्त वाटायची.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी लेकीसमोर फराळाचं ताट ठेवलं. चौदा वर्षांची आहे, नववीत. तिने चकली घेतली, नानकटाई बाजूला सरकवली आणि म्हणाली, "आज माझा क्लास आहे आई, दोन चकरा होणार नाहीत."

तिच्या आवाजात काहीच नव्हतं. राग नाही, दुःख नाही. बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं तिने. माझ्याकडून शिकलेलं गणित ती मला बरोबर सोडवून दाखवत होती.

मी आत गेले, डबा उघडला, बशी घेतली, एक अख्खी नानकटाई घेतली आणि येऊन तिच्यासमोर खुर्चीवर बसून खाल्ली. काही बोलले नाही, कारण काय बोलायचं ते सुचतच नव्हतं. जायफळ थोडं जास्त झालं होतं. इतक्या वर्षांत ते मला कळलंच नव्हतं, कारण चुऱ्यात चव कळत नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग तिची अर्धी खाल्ली आणि अर्धी परत डब्यात ठेवली. मी तिला "खा गं पूर्ण" असं म्हटलं नाही. तेही आपणच करतो ना, आधी ताटातलं मोजायला शिकवतो आणि मग खात नाही म्हणून रागावतो.

आपल्या भाषेत बाळाच्या गुटगुटीत अंगाला बाळसं म्हणतात. केवढा लाडका शब्द आहे तो. बाळाने बाळसं धरलं की आजी मीठमोहऱ्या उतरवून टाकते. तेच मूल दहा-बारा वर्षांचं झालं की "सुटायला लागली हं तुमची", आणि त्यातून बारीक राहिली तर "खायला घालत नाहीत का गं तुला?" फराळाला आलेल्या माणसाचं पहिलं वाक्य समोरच्याच्या अंगावर असतं. दाराशी चपला काढता काढता नजर वरून खाली जाते आणि मग वाक्य येतं: भरलीस गं. काय मेंटेन केलंयस. तब्येत सुधारलेली दिसते. मला माहीत आहे, बहुतेकांच्या मनात काही वाईट नसतं. पण ज्याला ते ऐकावं लागतं त्याचा दिवस तिथून पुढे वेगळा जातो. माझे असे कितीतरी पाडवे गेलेत.

आता इथे कुणीतरी लिहीलच, की मग काय, तब्येतीची काळजी घ्यायचीच नाही का? घ्यायची. त्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण यातलं एक महत्त्वाचं काम आपल्या पुण्यातच झालेलं आहे आणि आपल्याला ते फारसं माहीत नसतं.

2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला होता. त्यात दोन डॉक्टर आहेत, एक लंडनचे जॉन युडकिन आणि दुसरे आपल्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. बघणाऱ्याला दोघेही सडपातळच दिसतात. याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून पुण्याजवळच्या गावांमध्ये गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास करत होते. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली साडेतीनच्या आसपास. वजन एवढं कमी असूनही त्या मानाने आपल्या बाळांच्या अंगात चरबी टिकून होती, कमी होते ते स्नायू. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची रेघ खाली ओढलेली आहे: इतरत्र 25 ला जादा वजन म्हणतात, आपल्याकडे 23 ला.

हा निकाल माझ्या सोयीचा नाही. माझा बीएमआय 31 च्या वर आहे, त्यामुळे याज्ञिकांच्या फोटोआड मला लपता येत नाही आणि लपायचंही नाही. मला त्यातून वेगळंच काहीतरी दिसलं. माझ्या धाकट्या जाऊबाई (तिला विचारून लिहितेय) आयुष्यभर बारीक. प्रत्येक समारंभात तिचं कौतुक आणि तिच्या शेजारी उभं करून मला टोमणा. एक्केचाळिसाव्या वर्षी तिला सारखी तहान लागायला लागली, वजन आणखी उतरलं, तर लोकांनी आणखी कौतुक केलं. तपासणी केली तेव्हा एचबीए1सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी, 9 निघालं. 6.5 ला मधुमेह म्हणतात. ती मला म्हणाली, "वहिनी, मला कधी कुणी तपासून घे म्हणालंच नाही. तुम्हालाच सगळे म्हणायचे."

डोळ्यांनी केलेल्या तपासणीने आम्हा दोघींचंही नुकसान केलं. मला वीस वर्षं शरम दिली आणि तिचा आजार झाकून ठेवला.

माझं एचबीए1सी या वर्षी 5.9 आलंय, म्हणजे सीमारेषेच्या आत-बाहेर. त्याकडे मी लक्ष देतेय. रात्रीचं जेवण लवकर घेते, सहा महिन्यांनी पुन्हा रक्त देणार आहे, आठवड्यातून तीनदा पर्वती चढते. 103 पायऱ्या, न थांबता. वर पोचल्यावर दम लागतो आणि मग खाली पसरलेलं सगळं शहर दिसतं. आधी मी पर्वती चढायचे ती काहीतरी फेडायला. आता चढते कारण माझे पाय मला वर नेतात, आणि सकाळी साडेसहाला तिथला वारा फार छान असतो. पायऱ्या तेवढ्याच, पाय तेच, वजनही अजून तेवढंच आहे. पण मागच्या महिन्याभरात एकदाही मी चढताना आकडेमोड केलेली नाही.

मला माझं शरीर रोज आवडतं असं नाही. "स्वतःवर प्रेम करा" असं कुणी म्हटलं की मला ते जमणार नाही असंच वाटतं, एवढी मोठी गोष्ट मला झेपत नाही. बशीत एक अख्खी नानकटाई घेऊन दिवसाउजेडी खुर्चीवर बसणं झेपलं. दंड झाकायला चार वर्षं कोपरापर्यंतच्या बाह्या शिवत होते, त्या बंद करणं झेपलं. याच दंडांनी चार घाणे फेसले जातात, वडिलांना पलंगावरून उचलून बसवलं होतं तेही यांनीच.

आता नाताळच्या केकची तयारी चालू आहे. हा केक मला शेजारच्या मावशींनी शिकवला. त्या मूळच्या नाना पेठेतल्या, मराठी ख्रिस्ती, त्यांच्या घरी नाताळात केकबरोबर करंज्या आणि शंकरपाळेही असतात. दर वर्षी 25 डिसेंबरला त्यांचं ताट आमच्याकडे येतं आणि आमचं दिवाळीचं त्यांच्याकडे. बेदाणे, काळ्या मनुका, खजूर, संत्र्याची साल हे दिवाळी संपल्या संपल्या संत्र्याच्या रसात भिजवून फ्रीजमध्ये ठेवलंय, अधूनमधून बरणी हलवायची. बोहरी आळीतून नवीन टिन आणलाय. साखर जाळताना मात्र मला अजून धाकधूक होते. मावशी शेजारी उभ्या राहून सांगतात, "घाबरून लवकर उतरवू नकोस गं, रंग यायचा नाही. आणि वास बदलला की क्षणभर थांबू नकोस." पंच्याहत्तरीच्या आहेत, चांगल्या भरदार अंगाच्या, आणि केकचा पहिला तुकडा त्या स्वतः खातात. कडेचा नाही, मधला. मग बाकीच्यांना कापतात. इतकी वर्षं मी हे बघत होते आणि मला ते जरा विचित्र वाटायचं.

काल टेलरकाकांकडून ब्लाउज आला. बगलेखाली त्याच रंगाची पट्टी जोडलीय, लांबून कळतही नाही. घालून बघितला, हात वर करून बघितला, नीट बसतो. उलटा करून पाहिलं तर पट्टीच्या आत दोन्ही बाजूंना बोटभर कापड दुमडून ठेवलेलं. मी न सांगता.

लेकीने तो टेबलावर पाहिला आणि विचारलं, "हे आत एवढं कापड का ठेवलंय?" मी सांगितलं त्याला काय म्हणतात ते. तिने शिवणीवरून बोट फिरवलं, "बरं" म्हणाली, आणि मग विचारलं की केक नक्की कधी करणार आहोत, कारण साखर जाळायचं काम या वेळी तिला हवंय.