मरण थांबलं, म्हातारपण चालूच

अमरत्वावरची कादंबरी म्हणून जुझे सारामागोची 'डेथ विथ इंटरप्शन्स' (मूळ पोर्तुगीज, २००५) उचलणार असाल तर आधीच सांगतो, यात कुणी अमृत प्यायलेलं नाही. एका बिननावाच्या देशात १ जानेवारीपासून माणसं मरायची थांबतात, एवढंच. म्हातारपण, कॅन्सर, अपघातात चेंगरलेली छाती, सगळं जिथल्या तिथे. म्हणजे वाट्याला येतं ते आपल्या अश्वत्थाम्याचं जिणं.

पूर्वार्ध अफाट आहे, कारण तिथे तत्त्वज्ञान झाडलेलं नाही, हिशेब मांडलाय. अंत्यसंस्कारवाल्यांचा धंदा बसतो, मग ते म्हणतात, पाळीव प्राण्यांचे अंत्यविधी सक्तीचे करा. पॉलिसी रद्द करा म्हणून विमा कंपन्यांकडे पत्रांचा ढीग लागतो. तोडगा काय, तर ८० वर्षं भरली की माणूस मेला असं कागदोपत्री धरायचं, पैसे चुकते करायचे, आणि हवा तर पुढच्या ८० वर्षांचा नवा करार! कार्डिनलची (चर्चच्या वरिष्ठ धर्मगुरूची) काळजी वेगळीच: मरण नाही तर पुनरुत्थान नाही, आणि पुनरुत्थान नाही तर चर्च तरी कशाला?

सगळ्यात जिव्हारी लागतो तो गरीब शेतकरी कुटुंबाचा प्रसंग. शेजारच्या देशात लोक नेहमीसारखे मरताहेत, तेव्हा मला सीमेपलीकडे न्या, असं आजोबाच सांगतात. रात्री खेचराच्या गाडीत आजोबा आणि एक आजारी तान्हं बाळ. सीमा ओलांडताक्षणी दोघं जातात, तिथेच खड्डा खणून पुरतात. गावात आधी छी-थू होते, मग जो तो तेच करू लागतो, आणि लवकरच या वाहतुकीचा धंदा माफिया ताब्यात घेतो. सरकार त्यांच्याशी तडजोडही करतं. यातलं काहीही अशक्य वाटत नाही, हीच गंमत.

सात महिन्यांनी मृत्यू परत येतो. देशाची वस्ती सुमारे १ कोटी. हजारी वर्षाला १० मृत्यू धरले तरी थकबाकी साठ हजारांच्या घरात जाते, आणि ती एका मध्यरात्री वसूल! पुढे मृत्यू स्वतःच प्रत्येकाला जांभळ्या पाकिटातून मरणाची आठवडाभर आधी नोटीस धाडतो. लोकांनी मृत्युपत्रं करावीत, देणी फेडावीत ही अपेक्षा, पण बरेच जण दारू नि धिंगाण्यात आठवडा घालवतात. इथवर पकड घट्ट आहे.

मग एका चेलोवादकाचं (चेलो म्हणजे व्हायोलिनच्या जातीचं मोठं वाद्य) पाकीट मृत्यूकडे परत येऊ लागतं आणि कादंबरी देश सोडून त्याच्या फ्लॅटमध्ये शिरते. मृत्यू बाईचं रूप घेतो, मग संगीतकार बाखची चेलोसाठीची रचना (सहावा सुइट), प्रेम वगैरे. पाकीट का परत येतं? कारण शेवटपर्यंत मिळत नाही. पूर्वार्धात पै-पैची पावती दाखवणारा लेखक इथे 'झालं असं' म्हणून मोकळा होतो, ते मला पटलेलं नाही. तरी त्याच भागात चेलोवादकाचा कुत्रा अदृश्य मृत्यूच्या मांडीवर येऊन बसतो, तशी सुंदर जागा पूर्वार्धातही नाही.

एक सूचना: संवादांना अवतरणचिन्हं नाहीत, फक्त स्वल्पविराम, आणि परिच्छेद पानंच्या पानं चालतात. कोण बोलतंय ते हरवलं की मोठ्याने वाचा, आवाज आपोआप वेगळे होतात. उत्तरार्ध मात्र सलग एका बैठकीत वाचावा, तुकड्यांत तो फारच विरळ वाटतो.