एसएमपीएसचे चार स्क्रू आणि सात गुप्त उपाय

मंगळवारी दुपारी काकांचा फोन आला. "काऊन रे, या एसएमपीएसले चारच स्क्रू असतात ना?"

एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा पत्र्याचा डबा, आणि काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. वणीत त्यांचं झेरॉक्स आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. वय सदुसष्ट, हात अजून स्थिर, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या प्रत्येक गोष्टीवर पूर्ण श्रद्धा. मी विचारलं, "उघडताय कशाला?" म्हणाले, "धूळ काढतो. मेसेज आला आहे." तीन स्क्रू निघाले होते. मी ओरडलोच, "काका, हात काढा आधी!"

तो मेसेज मलाही तीन ग्रुपांवर आला होता आणि मी वाचून सोडून दिला होता. मथळा असा: 'कॉम्प्युटर दहा वर्षं टिकवण्याचे ७ उपाय, जे दुकानदार कधीच सांगणार नाहीत'. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं. धुळीमुळे प्रोसेसरचा स्फोट होतो. धुळीतूनच व्हायरस पसरतात. म्हणून कॅबिनेटची बाजूची पाटी कायमची काढून ठेवा. कॉम्प्युटर चालू ठेवून व्हॅक्यूम क्लीनर फिरवा, पंखे फिरत असले की धूळ लवकर सुटते. एसएमपीएस उघडून आत थिनरचा ब्रश फिरवा. हार्ड डिस्क उघडून मऊ कापडाने पुसा. आणि प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून तिथे टूथपेस्ट लावा.

क्रमाने जात नाही. ज्याने माणूस दगावू शकतो तिथून सुरू करतो.

एसएमपीएसबद्दल मेसेज म्हणतो, 'प्लग काढला की करंट संपला, मग घाबरायचं कारण नाही'. हे वाक्य लिहिणाऱ्याने आयुष्यात एकदाही एसएमपीएस उघडलेला नाही. भिंतीतून येणारा २३० व्होल्टचा एसी आत शिरला की आधी त्याचा डीसी होतो, आणि तो सुमारे ३२५ व्होल्टचा असतो, कारण एसीच्या लाटेचं टोक २३० च्या १.४१ पट उंच असतं. पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेल्या सप्लायमध्ये हाच आकडा चारशेच्या जवळ जातो. हा सगळा दाब एका अंगठ्याएवढ्या जाड कपॅसिटरमध्ये साठलेला असतो. तुम्ही प्लग काढा, बटण बंद करा, नाहीतर घराचा मेन स्विच पाडा, आत साठलेलं आतच राहतं. ते हळूहळू उतरावं म्हणून चांगल्या सप्लायमध्ये वेगळी सोय केलेली असते आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत चार्ज उतरतोही, हे मान्य. पण ती सोय निकामी झाली आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही. आणि बाजारातल्या स्वस्त सप्लायमध्ये काय काय गाळलेलं असतं, हे उघडून पाहणाऱ्यालाच कळतं.

पिक्चर ट्यूबचे टीव्ही होते तेव्हा मेकॅनिक घरी आला की मागचं झाकण काढून आधी वायर बांधलेल्या स्क्रूड्रायव्हरने ट्यूबचा चार्ज उतरवायचा. चट्ट असा आवाज यायचा. आम्हा पोरांना तो चार हात लांब उभं करायचा. त्या माणसाने कुठलं कॉलेज पाहिलं नव्हतं, पण बंद यंत्रातही वीज बसलेली असते हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्यावर थिनर! थिनरची वाफ पेट घेते, तारांवरचं प्लास्टिक आणि ट्रान्सफॉर्मरच्या तारेवरचं वार्निश थिनरने सुटतं. साठलेला कपॅसिटर, ओला ब्रश आणि जळाऊ वाफ एका पत्र्याच्या डब्यात एकत्र करायची, आणि याला म्हणे देखभाल. बहुतेक एसएमपीएसच्या एका स्क्रूवर स्टिकर चिकटवलेलं असतं ते शोभेचं नसतं. धूळ काढायची तर जाळीतून, बाहेरून. पंखा फिरू नये म्हणून उदबत्तीची काडी आडवी घालायची आणि ब्लोअर मारायचा. बस.

आता हार्ड डिस्क. हा उपाय वाचून मला आधी हसू आलं आणि मग काकांच्या दुकानातली फिरणारी डिस्क आठवली. तिच्यात गावातल्या निम्म्या लग्नांच्या पत्रिका आहेत. तिच्यावर एक बारीक भोक असतं आणि शेजारी ते झाकू नका असं छापलेलं असतं. मेसेजवाल्याचा तर्क असा की या भोकातून धूळ आत जाते. भोक आहे हे खरं. ते आतबाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ठेवलेलं असतं आणि आतल्या बाजूने त्याला फिल्टर असतो. हेलियम भरलेल्या डिस्क २०१३ पासून बाजारात आल्या, त्यांना तर भोकच नसतं.

आत काय चाललेलं असतं ते ऐका. डेस्कटॉपची साधी डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते. म्हणजे साडेतीन इंची डिस्कची तबकडी तिच्या कडेपाशी ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर पळते. तिच्यावर वाचणारं हेड तरंगतं ते अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर. माणसाचा केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. विडीच्या धुराचा कणसुद्धा त्या फटीच्या कितीतरी पट मोठा. म्हणून या डिस्क कारखान्यात गाळलेल्या हवेच्या खोलीत, अंगभर झगा घालून जोडतात. आणि तुम्ही ती दुकानाच्या काउंटरवर बनियनच्या तुकड्याने पुसणार! झाकण उघडलं त्या क्षणी तिचे दिवस भरले.

एसएसडी असेल तर हा प्रश्नच नाही, तिच्यात फिरणारं काही नसतं.

'प्रोसेसरचा स्फोट' या मुद्द्याला उत्तर द्यायला फार जुना पुरावा आहे. २००१ साली टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने एक चित्रफीत काढली. गेम चालू असताना त्यांनी प्रोसेसरवरचा हीटसिंक, म्हणजे त्याची उष्णता ओढून घेणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा, सरळ उपटून काढला. एएमडी कंपनीच्या अ‍ॅथलॉन प्रोसेसरमधून धूर निघाला आणि तो मेला. इंटेलचा पेंटियम ३ चालता चालता गोठला, पण वाचला. पेंटियम ४ फक्त मंदावला, आणि हीटसिंक परत ठेवल्यावर वेगात आला. म्हणजे मेलेल्याचाही धूरच निघाला, स्फोट नाही. आणि इथे हीटसिंकवर धूळ नव्हती, हीटसिंकच नव्हता! त्यानंतर सगळ्यांनीच ही राखण प्रोसेसरमध्ये घातली. आजचा प्रोसेसर साधारण शंभर अंशांपाशी पोचला की स्वतःच वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर मशीन बंद पाडतो. धुळीने स्फोट होत नाही, मशीन रेंगाळतं. पंखा घोंघावतो, डिझाइनचं कोरेल उघडेपर्यंत चहा पिऊन होतो.

पण धूळ काहीच करत नाही असंही मी म्हणणार नाही. वणीला खाणी आहेत आणि जिनिंगही. काकांचं कॅबिनेट मागच्या दिवाळीत मी उघडलं, तेव्हा पंखा आणि हीटसिंकच्या पात्या यांच्यामध्ये सरकीच्या तंतूंची आणि काळ्या धुळीची चक्क गोधडी तयार झाली होती. वरून पंखा फिरताना दिसत होता, खाली हवा पोचतच नव्हती. त्यात मे महिना. खोलीतच बेचाळीस अंश असतील तर हीटसिंक त्याहून थंड होणार कसा?

आणि मेसेजमध्ये ज्याचा उच्चारही नाही ती खरी पीडा म्हणजे कूलर. विदर्भात उन्हाळाभर खसचा कूलर थेट टेबलावर रोखलेला असतो. ओली हवा आत जाते, धूळ ती ओल धरते आणि पात्यांवर लिंपल्यासारखी बसते. अशी धूळ ब्लोअरलाही जुमानत नाही. मदरबोर्डवरच्या ओल्या धुळीतून वीज झिरपू शकते, गंज चढतो. कोकणात हेच काम पावसाळा करतो. कूलरचं तोंड दोन फूट वळवा, निम्मं काम झालं.

पाटी काढून ठेवण्याबद्दल: हो, आत हवा खेळायला जागाच नसेल तर पाटी काढल्यावर तापमान थोडं उतरतं, हे मीही पाहिलंय. पण मग धूळही दुप्पट उत्साहाने येते, आणि आपल्याकडे धुळीपाठोपाठ पाल येते. एसएमपीएसमध्ये भाजलेली पाल ज्याने एकदा काढली आहे तो माणूस पुन्हा पाटी उघडी ठेवत नाही.

चालू मशीनवर व्हॅक्यूम क्लीनर नको. नळीच्या प्लास्टिकवर स्थिर विद्युत साठते, आणि चालू बोर्डवर एक सुटा स्क्रू पडला तरी पुरे. मशीन बंद, प्लग बाहेर, डबा ओसरीत, मऊ ब्रश आणि ब्लोअर, पंखे बोटाने धरून. व्हायरसबद्दल काय बोलायचं? तो पेन ड्राइव्हमधून येतो, केरसुणीने जात नाही.

राहिली टूथपेस्ट. इथे मला दात-ओठ खात कबूल करावं लागतं की ती लावल्यावर मशीन चालतं. दोन खडबडीत पृष्ठभागांमधली हवा कुठल्याही ओल्या लगद्याने भरली की उष्णता पुढे सरकते. पण त्यातलं पाणी काही दिवसांत उडतं आणि मागे खडूसारखा थर उरतो. मग चित्रफितीतल्या पेंटियम ४ सारखा तुमचा प्रोसेसर मंदावतो, आणि दोष पुन्हा धुळीला. खऱ्या थर्मल पेस्टची छोटी ट्यूब शे-दीडशे रुपयांत मिळते.

हे सगळं फोनवर सांगून झालं. एसएमपीएसचे तीन स्क्रू परत बसले. मग काका जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "ते पेस्टचं तर मी कालच केलं."

ती टूथपेस्ट पुसून काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल औषधाच्या दुकानातून आणायला सांगितलं आहे. रविवारी जातोय.