दाराला चिकटवलेली टिकली

शनिवारी संध्याकाळी किराणा-भाजी झाली की आम्ही न्यूअर्क अॅव्हेन्यूवर चहाच्या दुकानाबाहेर जमतो. बाक एकच, तो मावशींचा. बाकीचे कठड्याला टेकून. जर्सी सिटीतला आमचा कट्टा एवढाच. परवा तात्यांची नात आली होती, कॉलेजच्या सुट्टीवर. तिनं फोन पुढे केला आणि वादाला तोंड फुटलं.

फोनवर लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक वाचनालयाची सायप्रस पार्क शाखा. मे २०२१. चार मुली वाद्यं घेऊन उभ्या, ड्रमवर सगळ्यांत धाकटी, दहा वर्षांची. बँडचं नाव द लिंडा लिंडाज. सुरुवातीला ती धाकटी सांगते: लॉकडाऊनच्या थोडं आधी वर्गातला एक मुलगा म्हणाला, चिनी लोकांपासून लांब राहा असं बाबांनी सांगितलंय. ती म्हणाली, मी चिनीच आहे. तो मागे सरकला. आणि मग त्या मुलावरचं गाणं, घसा फुटेस्तोवर.

तात्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "पोरी धीट आहेत. पण ह्यानं होतं काय? त्याच वर्षी मार्चमध्ये अटलांटात एकानं आठ माणसं मारली, त्यातल्या सहा आशियाई बायका. गाणं काय गोळी अडवणार आहे?"

"कायदा लागतो," बापू म्हणाले. "त्या मे महिन्यातच कोविडवरून होणाऱ्या द्वेषगुन्ह्यांसाठी कायदा झाला, ते खरं काम. पुढच्या वर्षी ह्याच विषयावर बीटीएस ह्या कोरियन बँडला व्हाइट हाऊसमध्ये बोलावलं, फोटो निघाले, संपलं. आणि खरं सांगू का, हे सगळं चिनी-कोरियन लोकांचं. आपल्या वाटेला कोण जातं?"

मावशींनी कप खाली ठेवला, पण बोलल्या नाहीत.

"कायदा म्हणताय ना काका?" नात म्हणाली. "व्हिन्सेंट चिनला कायद्यानं काय दिलं?"

तिनं सांगितलं ते असं. जून १९८२, डेट्रॉइट. जपानी गाड्यांनी बाजार खाल्ला म्हणून कारखान्यांतून माणसं घरी बसवली जात होती. व्हिन्सेंट सत्तावीस वर्षांचा, चिनी वंशाचा, म्हणजे जपानशी संबंधही नाही. बारमध्ये बाचाबाची झाली. मोटार कारखान्यातला एक फोरमन आणि त्याचा सावत्र मुलगा, दोघांनी त्याला शोधून काढून गाठलं आणि फोरमननं बेसबॉलच्या बॅटनं डोकं फोडलं. चार दिवसांनी तो गेला. लग्न आठवड्यावर आलं होतं. लग्नाला बोलावलेली माणसं अंत्यविधीला आली. शिक्षा? तुरुंगात टाकावं अशी ही माणसं नव्हेत, असं न्यायाधीशच म्हणाले. तीन वर्षांचं प्रोबेशन आणि तीन हजार डॉलर दंड.

"तीन हजार?" तात्यांचा आवाज बारीक झाला.

"पुढे फेडरल कोर्टात फोरमनला पंचवीस वर्षांची शिक्षा लागली, ती अपिलात रद्द झाली. १९८७ मध्ये फेरसुनावणीत तो सुटलाच."

"मग माझंच खरं ना. त्याच्यावर सिनेमा आला तोही तेव्हाच. वरातीमागून घोडं!"

मला वाटलं पोरगी आता गप्प होईल. नाही झाली. "आजोबा, आम्हाला तो माहितीपट वर्गात दाखवला. क्रिस्टीन चॉय आणि रेने ताजिमा-पेन्या, दोघी बायकांनी केलेला. त्यात मारणारा माणूस स्वतः बसून बोलतो, साधा, घरगुती. आणि व्हिन्सेंटची आई माईकसमोर उभी राहते, बोलता बोलता रडते. निकालपत्र वाचून मला ती आई कुठून दिसली असती? मी जन्मायच्या कितीतरी आधी गेलेल्या माणसाचं नाव आज इथे घेतेय, ते त्या सिनेमामुळे."

तेव्हा मावशी बोलल्या. "नवरोज मोदी माहितेय तुला?"

नातीनं नाही म्हणून मान हलवली.

"होबोकेन. इथून गाडीनं दहा मिनिटं. सप्टेंबर १९८७. तीस वर्षांचा, बँकेत मॅनेजर, पारशी. पोरांच्या टोळक्यानं रस्त्यात मारला. सोबतच्या गोऱ्या मित्राला बोटही लावलं नाही. खुनासाठी कुणालाही शिक्षा झाली नाही. त्या उन्हाळ्यात इथल्या पेपरात पत्र आलं होतं, भारतीयांना जर्सी सिटीतून हुसकावू म्हणून. खाली नाव डॉटबस्टर्स. डॉट म्हणजे ही," त्यांनी कपाळाला बोट लावलं. "बापू, आपल्याच वाटेला आले होते ते."

बापू खाली बघत राहिले.

"मी तेव्हा नवी नवी सून. कामाला निघताना टिकली काढायची आणि दाराला आतून चिकटवायची, मुठीच्या वर. परत आले की तीच लावायची. गोंद सुटायचा, तरी तीच. सासूबाईंना दिसायचं, त्या काही म्हणायच्या नाहीत. दाराला लाल ठिपके उमटले होते. घर सोडताना रंग दिला तेव्हा गेले."

मी मावशींना वीस वर्षं ओळखतो. हे कधी ऐकलं नव्हतं.

आणि माझं म्हणणं तिथेच पक्कं झालं, ते मी तात्यांना सांगितलंही. ही मुलगी ह्याच गावात वाढली. हजार किलोमीटरच्या आसपास लांब असलेल्या डेट्रॉइटमधला व्हिन्सेंट तिला माहीत, शेजारच्या गावातला नवरोज नाही. दोघांनाही कोर्टात न्याय मिळाला नाही. फरक एवढाच की एकाचा सिनेमा वर्षानुवर्षं वर्गावर्गांत दाखवला गेला, ऑस्करच्या नामांकनात गेला, २०२१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, जपून ठेवायच्या सिनेमांच्या यादीत, जाऊन बसला. नवरोजवरचं एकही गाणं, एकही चित्र आमच्यापैकी कुणी कधी पाहिलेलं नाही, आम्ही केलेलं तर नाहीच. आम्ही पोरांना गणपतीची आरती शिकवली, ढोल-लेझीम शिकवलं. हे मात्र गिळून बसलो. वर्गातल्या त्या मुलानं बापाचं वाक्य जसंच्या तसं आणलं होतं. द्वेष घरातून घरात असा आपोआप पोचतो. त्याला दिलेलं उत्तर पोचवायला कुणीतरी ड्रमवर बसावं लागतं.

"कायदा आधी हवा, हे मी सोडणार नाही," तात्या म्हणाले. "ठीक आहे," मी म्हटलं, "आधी असू दे."

नातीनं फोन बाकावर, मावशींच्या कपाला टेकवून उभा केला. "मावशी, मराठीतच सांगा. मी खाली इंग्रजी घालीन."

दुकानात गाणी मोठ्यानं लागली होती. तात्या उठले, आत जाऊन आवाज कमी करायला सांगून आले.

"कुठून सांगू?" मावशींनी पदर नीट केला.

"दारापासून."