कापडात बांधलेल्या हॅगिसबद्दल

सप्रेम नमस्कार,

स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स याच्या आठवणीत हॅगिस कापून जेवायचं ते बर्न्स सपर; डंडीतल्या आमच्या घरी केलेल्या त्या जेवणावरचा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात आणि मोकळेपणाने लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तारीख चुकली, सलगम चुकलं, व्हिस्की नव्हती, हॅगिस (मेंढीचं काळीज, हृदय, फुप्फुस आणि ओट तिच्याच पोटाच्या पिशवीत भरून उकडलेलं) खरं नव्हतं, तेव्हा याला बर्न्स सपर म्हणणं हा त्या परंपरेचा अपमान आहे. तुम्ही एडिंबरामध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून नीट उत्तर द्यावंसं वाटलं.

सलगमाचं तुमचं अगदी बरोबर. हॅगिससोबत वाढतात ते ‘नीप्स’ म्हणजे इथला जांभळट सालीचा, आतून पिवळा स्वीड नावाचा कंद. मी पांढरं सलगम उकडलं, ते पाणचट झालं, आणि लेखातही तेच लिहिलं. आता दुरुस्त केलंय. व्हिस्कीचं म्हणाल तर आमच्याकडे कोणी घेत नाही. सफरचंदाच्या रसाचे पेले उंचावले.

तारखेचं मात्र पटत नाही. २५ जानेवारीला यांची रात्रपाळी होती, म्हणून आम्ही शनिवार धरला. रॉबर्ट बर्न्स जन्मला २५ जानेवारी १७५९ला हे खरं, पण त्याच्या आठवणीत पहिलं जेवण झालं ते २१ जुलै १८०१ला, पाचव्या पुण्यतिथीला. अ‍ॅलोवेतल्या त्याच्या जन्मघरात नऊ जण जमले आणि हॅगिस व मेंढीची मुंडी जेवले. पुढे ग्रीनॉक गावच्या बर्न्सप्रेमींच्या मंडळाने १८०२ मध्ये जयंती केली ती २९ जानेवारीला! चर्चची नोंद पाहिल्यावर त्यांना खरी तारीख कळली. म्हणून त्यांचं ते जेवण कोणी खोटं ठरवत नाही.

आता हॅगिस. दुकानातलं संपलं होतं, हे लेखात लिहायचं राहिलं. मेंढीचं फुप्फुस इथे घरगुती गिऱ्हाइकाला सहज मिळत नाही, म्हणून काळीज आणि हृदय आणलं. ते साफ करायला सासूबाई बसल्या. साताऱ्याकडे त्यांनी आयुष्यभर वजडी केलेली, त्यामुळे त्यांना कशाचीच किळस नव्हती. मी काळीज उकडून किसलं, जाड भरडलेले ओट कोरडेच खमंग भाजले, त्यात कांदा, चरबी, भरपूर मिरी, थोडं जायफळ घातलं आणि काळीज उकडलेलं पाणी घालून सैलसर कालवलं. पोटाची पिशवी नव्हती, म्हणून ओल्या मलमलीत गच्च बांधून दोन तास शिजवलं. ‘पिशवीच नाही तर सुरी कशात खुपसली?’ असं तुम्ही विचारता. अहो, दुकानातल्या बहुतेक हॅगिसलाही आता कृत्रिम वेष्टण असतं. आणि कापडात बांधून उकडणं इथलंच आहे. क्लूटी डम्पलिंग या इथल्या गोड पुडिंगच्या नावातला ‘क्लूट’ म्हणजे कापडच.

काळीज, फुप्फुस, ओट हे गरिबाघरचं खाणं. बर्न्स शेतकऱ्याचा मुलगा. त्याने ‘अ‍ॅड्रेस टू अ हॅगिस’ या कवितेत त्याच हॅगिसला साऱ्या पुडिंगांचा सरदार म्हटलं आणि फ्रेंच पक्वान्नांवर नाक मुरडलं. मिळेल त्यातून पोटभर शिजवणं हे त्या कवितेच्या आतच आहे, असं मला मनापासून वाटतं. जे गाळून चालणार नाही ते आम्ही गाळलं नाही: आठही कडवी वाचली. मुलाला शाळेत जानेवारीत बर्न्स शिकवतात; त्याने इथल्याच स्कॉट्स उच्चारांत वाचलं. तिसऱ्या कडव्यात कष्टकरी माणूस सुरी पुसतो आणि कापतो, तिथे यांनी सुरी पुसली, गाठ सोडली आणि हॅगिस उभं चिरलं. वाफ सासूबाईंच्या चष्म्यावर आली.

त्याआधी सेल्कर्क ग्रेस, म्हणजे या जेवणाआधीची छोटी प्रार्थना, म्हटली होती. काहींकडे अन्न आहे पण खाता येत नाही, काहींना खाता येतं पण अन्न नाही, आपल्याकडे दोन्ही आहे, म्हणून देवाचे आभार, असा अर्थ सासूबाईंना सांगितला. त्यांनी तो पुन्हा एकदा सांगायला लावला, मग हात जोडून आपला जेवणाआधीचा श्लोक म्हटला. तुमच्या मते ही भेसळ. मला तो त्या संध्याकाळचा सगळ्यात खरा क्षण वाटला, आणि लेखातून तो मी काढणार नाही.

एक विनंती. कवितेच्या पहिल्याच ओळीतल्या ‘सॉन्सी’ शब्दावर मुलगा दरवेळी अडखळतो. एडिंबराकडे तो कसा म्हणतात, हे जरूर कळवा. पुढच्या वर्षी स्वीडच आणेन.