एक स्टार द्या, पण मनापासून द्या

रिव्ह्यू लिहायचा असेल तर पहिली गोष्ट, पोट भरलेलं असताना लिहायचा नाही. जेवण चांगलं झालं, वेळेवर आलं, बिल बरोबर निघालं की माणूस बडीशेप खातो आणि घरी जातो, त्यात लिहिण्यासारखं काय आहे? रिव्ह्यू हा डोकं तापलेलं असताना, शक्यतो शेअर रिक्षात कडेला बसून, एका हाताने टाईप करायचा प्रकार आहे. आपलं मत कोणी विचारलंय का वगैरे शंका मनात आणू नका. १८५३ साली १६ एप्रिलला बोरीबंदरहून पहिली गाडी आपल्या ठाण्याला आली, १४ डबे, ४०० च्या आसपास माणसं, आणि एकालाही रेटिंग देता आलं नाही, काय तगमग झाली असेल बिचाऱ्यांची! ती कसर आता आपण भरून काढतोय. स्टेशनला स्टार, तलावपाळीला स्टार, एकेकाळी पोलीस चौकीला आणि तुरुंगालासुद्धा मॅपवर स्टार असायचे, आता ते बघून कोण आपला बेत बदलणार होतं देव जाणे.

दुसरी गोष्ट, ज्याची चूक आहे त्याला स्टार द्यायचे नसतात, जो सापडतो त्याला द्यायचे. मिक्सर आणणाऱ्या कुरियरवाल्याने बेल न वाजवता खोकं वॉचमनकडे टाकलं, मिक्सरला एक स्टार. मिसळ मागवली आणि ती चक्क तिखट निघाली, एक स्टार. येऊरला जुलैत गेलो आणि पाऊस पडला, दोन स्टार, कारण हिरवळ बरी होती.

माझंच सांगतो. माझं ऑफिस वागळे इस्टेटला, आणि नौपाड्यातल्या एका पोळीभाजी केंद्रातून माझं दुपारचं जेवण येतं, गेली दीड वर्षं, आठवड्यातून चार दिवस तरी. एवढ्या दिवसांत मी त्या काकूंबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, का लिहू, भाजीत मीठ बरोबर होतं याची काय बातमी होते का? मग एक दिवस डिलिव्हरीवाला मुलगा तीन हात नाक्याला पाऊण तास अडकला. मुलगा ॲपचा, नाका सरकारचा, ट्रॅफिक आपल्या सगळ्यांचं, पण पोळ्या काकूंच्या होत्या आणि त्या गार झाल्या होत्या. हाणला एक स्टार. 'थर्ड क्लास' असंही लिहिलं, म्हटलं लोकांना कळायला नको?

आता यातलं गणित बघा, कारण ते भारी आहे. काकूंचे आधीचे रिव्ह्यू फक्त नऊ, सगळे पाच स्टारचे. माझ्या एका स्टारने पाचाचे ४.६ झाले. पुढच्या आठवड्यात अजून एकाने दिला (त्याला म्हणे फोन उचलला नाही, दुपारी साडेतीनला, काकू झोपतात हो तेव्हा), झाले ४.३. आता परत ४.६ वर यायला पाच स्टार देणारी नऊ माणसं पाहिजेत, बिघडवायला दोन पुरतात. मॉलमधल्या मोठ्या हॉटेलला हेच करून बघा, तिथे चार हजार रिव्ह्यू पडलेत, तुमच्या एका स्टारने पॉइंटाची सुईसुद्धा हलत नाही. म्हणून राग नेहमी छोट्या दुकानावर काढावा, रिझल्ट लगेच दिसतो.

आणि लांबलचक लिहा. गूगलच्या लोकल गाईडवाल्या भानगडीत एका रिव्ह्यूचे दहा पॉइंट मिळतात आणि दोनशेच्या वर अक्षरं झाली की आणखी दहा, म्हणून तर लोक वडापावबद्दल लिहिताना आधी लहानपणापासून सुरुवात करतात. २५० पॉइंट झाले की नावापुढे बॅज येतो. माझ्याकडे आहे तो. पैसे मिळत नाहीत, पण भारदस्त वाटतं.

पाच स्टार कोणाला द्यायचे हा प्रश्न सोपा आहे, नातेवाईकांना. भाच्याने वर्तकनगरला दातांचा दवाखाना काढला तेव्हा फॅमिली ग्रुपवर लिंक आली आणि संध्याकाळपर्यंत चाळीस रिव्ह्यू पडले. नाशिकच्या मावशीने लिहिलं की अजिबात दुखलं नाही. खरंच आहे, मावशीची कवळी आहे. नातेवाईक कमी पडले तर खोक्यात कार्ड टाकायचं, 'पाच स्टार देऊन स्क्रीनशॉट पाठवा, शंभर रुपये मिळवा'. मला एका इस्त्रीबरोबर असं कार्ड आलं होतं, मी इस्त्री गरम होते की नाही ते बघायच्या आधी शंभर रुपये घेतले. नाही झाली गरम, पण रिव्ह्यू अजून आहे, 'एक्सलंट प्रॉडक्ट'.

हे चालतं का असं विचाराल, तर नियम आहे ना! भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली खास ऑनलाईन रिव्ह्यूंसाठी स्टँडर्ड काढलं, आयएस १९०००, त्यात लिहिलंय की विकत घेतलेले किंवा त्या कामाला माणसं ठेवून लिहून घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत, लिहिणारा खरा आहे का ते तपासावं. फक्त ते ऐच्छिक आहे. म्हणजे हेल्मेटला आयएसआय सक्तीचा, प्रेशर कुकरला सक्तीचा, आणि तो कुकर चांगला आहे असं सांगणाऱ्याला मर्जी!

खरं तर हॉटेल काढायला हॉटेलसुद्धा लागत नाही. लंडनमध्ये २०१७ साली एका पत्रकाराने आपल्या बागेतल्या शेडला रेस्टॉरंट म्हणून ट्रिपॲडव्हायजर या रिव्ह्यूंच्या साईटवर टाकलं, पदार्थांच्या फोटोंसाठी दाढीचा फोम वगैरे वापरला, मित्रांकडून रिव्ह्यू लिहून घेतले, आणि ती शेड लंडनात एक नंबरला गेली, लोक टेबलासाठी फोन करायला लागले. आपल्याकडे वन बीएचकेच्या ड्राय बाल्कनीत एवढं सहज बसेल, आणि काकूंसारखं पहाटे उठून कणीक मळायला नको.

वाचायचे कसे तेही सांगून टाकतो. पाच स्टारवाले आधी वाचा, मन प्रसन्न होतं, मग एक स्टारवाले वाचा, करमणूक होते. तीन स्टारवाल्यांच्या वाटेला मात्र चुकूनही जाऊ नका, त्यात माहिती असते. भाजी चांगली, पोळ्या जरा जाड, गुरुवारी बंद, सुट्टे पैसे न्या, असलं काहीतरी. वाचलं की निर्णय घ्यावा लागतो.

परवा ऑफिस सुटल्यावर नौपाड्यात गेलो होतो, घरी न्यायला पुरणपोळ्या सांगितल्या होत्या. काकूंनी पुडकं बांधता बांधता मोबाईल पुढे केला. "अहो, तुम्ही कॉम्प्युटरमधले ना, जरा बघता का, कोणीतरी आपल्याला थर्ड क्लास लिहिलंय. नाव नाही दिसत नीट, नुसता बॅज आहे. कोण असेल हो? मी फोन करून विचारते, काय चुकलं ते." मी म्हटलं, बघतो. त्यांनी दोन पोळ्या जास्तीच्या टाकल्या.