नोकरी टिकणे केवळ चिकाटीवर अवलंबून नाही
‘आजच्या तरुणांत चिकाटी नाही, म्हणून ते नोकरीत टिकत नाहीत’ हे एका लेखात वाचलेले विधान मला एकांगी वाटते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये जगभरातील १५ ते २४ वयोगटातील बेरोजगारीचा दर सुमारे १३ टक्के, म्हणजे प्रौढांच्या दराहून कितीतरी अधिक होता. नवख्यांसाठीच्या जाहिरातीतही अनुभव मागितला जातो. कशीबशी नोकरी लागली, तरी ती बहुधा कंत्राटी किंवा प्रोबेशनवरची असते, आणि मंदीची चाहूल लागताच पहिले गंडांतर येते ते सर्वांत शेवटी रुजू झालेल्यावर, कारण त्याला काढणे मालकाला स्वस्त पडते. पहिल्या दिवशी संगणकासमोर बसवून ‘बघून बघून शिकाल’ असे सांगायचे, नंतर काम कोणीच तपासायचे नाही आणि तिसऱ्या महिन्यात एकदम ‘अपेक्षित प्रगती नाही’ असा शेरा हाती द्यायचा, हे मी ओळखीतल्या अनेक मेहनती मुलामुलींच्या बाबतीत पाहिले आहे. पुढच्या मुलाखतीत त्या अर्धवट सुटलेल्या नोकरीचा जाब पुन्हा त्यांनाच विचारला जातो. चिकाटी हवीच, परंतु नव्या माणसाला काम शिकवणारी एक अनुभवी व्यक्ती नेमून द्यावी आणि उणिवा वेळीच लेखी कळवाव्यात, एवढी जबाबदारी मालकांनीही घेतली पाहिजे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.