जाड्या पाचाचं वजन

परवा शनिवारी कट्ट्यावर जे झालं ते लिहून ठेव असं सच्याने सांगितलंय म्हणून लिहितोय, नाहीतर आमच्याकडे दर शनिवारी भांडणं असतातच, सगळी लिहायची म्हटलं तर वही पुरायची नाही. कट्टा म्हणजे चौकातल्या म्हसोबाचा पार, समोर मामांची चहाची टपरी, आणि टपरीला लागून सराफाचं दुकान जिथे आमचा पव्या कामाला आहे.

सुरुवात शलाकावरून झाली. तिची पीएचडी चाललीये आणि विषय असा की रस्ता रुंद करताना चौकातलं देऊळ हलवलं की पुढे त्या देवाचं आणि तिथे नारळ फोडणाऱ्यांचं काय होतं. दोन वर्षं झाली, बाई पुण्यातल्या चौकाचौकात वही घेऊन उभी असते. तर स्वप्न्या म्हणाला, शलाके राग मानू नकोस, पण ह्याला संशोधन म्हणायचं तर आमची आज्जी डबल पीएचडी आहे. रिसर्च म्हणजे खोडदची रेडिओ दुर्बीण, 45 मीटरची एकेक डिश, अशा 30, तिकडे कुठल्या तरी दीर्घिकेतला हायड्रोजन ऐकतात, तुम्ही लोक गप्पा मारता आणि खाली तळटीपा देता.

शलाका म्हणाली की ती दुर्बीण खोडदलाच का बांधली, तर तिथे रेडिओचा गोंगाट कमी, म्हणजे माणसं आणि कारखाने कुठे आहेत हे बघूनच जागा ठरली ना. हा पॉइंट जरा ओढूनताणून होता पण तेवढ्यात चहा आला म्हणून कोणी खोदत बसलं नाही.

मग ती म्हणाली, मी ज्या विषयात काम करते त्यात पुण्याच्या आसपास पहिल्यांदा नीट पायपीट कोणी केली माहितीये का? दामोदर कोसंबींनी. हा माणूस गणिताचा प्राध्यापक, आधी फर्ग्युसनला आणि मग मुंबईला टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटांच्या मूलभूत संशोधनाच्या संस्थेत, राहायला पुण्यात, डेक्कन क्वीनने येऊन जाऊन. आणि टेकड्यांवर फिरताना गारगोटीची बारीक पाती वेचायचा, अश्मयुगातली. त्याच्या लक्षात आलं की बोल्हाईसारख्या देव्या जिथे बसल्यात तिथे आसपास ही पाती सापडतात, म्हणजे ती ठिकाणं गावांच्याही आधीची, गुरं घेऊन फिरणाऱ्यांच्या वाटा जिथे एकमेकींना मिळायच्या तिथली. चौकात देवी का असते, तर चौक आधी आणि गाव नंतर.

आम्ही सगळ्यांनी नकळत मागे वळून म्हसोबाकडे बघितलं. त्याच्या अंगावर कोणीतरी पार्किंगचा बोर्ड टेकवून ठेवला होता.

आणि इथे सच्या जो इतका वेळ क्रीमरोल खात होता तो एकदम म्हणाला, थांब थांब, कोसंबी? आमच्या सॉफ्टवेअरमधला कोसंबी? सच्या बियाणं कंपनीत ब्रीडिंगला आहे. त्यांच्याकडे गुणसूत्रावर कुठलं जनुक कुठे बसलंय त्याचा नकाशा काढतात, आणि नकाशा काढताना प्रोग्राम विचारतो की हॅल्डेन का कोसंबी, दोनातलं एक निवडा. सहा वर्षं हा कोसंबी निवडतोय आणि सहा वर्षं त्याची समजूत की हा कोणीतरी जपानी माणूस!

हसून झाल्यावर म्हटलं सांग तरी काय आहे ते. तर गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते, दोन जनुकं जितकी लांब तितकी त्यांची ताटातूट व्हायची शक्यता जास्त, म्हणून ताटातुटीवरून अंतर काढतात. हॅल्डेनने 1919 साली जे सूत्र दिलं त्यात धरलंय की एका ठिकाणी अदलाबदल झाली तरी शेजारी व्हायला काही आडकाठी नाही. प्रत्यक्षात आडकाठी असते, एकीकडे तुटलं की लगेच शेजारी सहसा तुटत नाही. कोसंबींनी 1944 साली ते हिशोबात घेतलं. सच्या म्हणाला की पण ते हेच असतील असं वाटत नाही. शलाका म्हणाली हेच.

मग अण्णा. अण्णा गणिताचे मास्तर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, बोलायला लागले की थांबवायची कोणाची हिंमत नाही. ते म्हणाले, ते सगळं ठीक आहे, पण तुम्ही नाणी विसरलात. तक्षशिलेला चांदीची आहत नाणी सापडली, त्यांच्यावर ना राजाचं नाव ना साल, नुसते ठसे. कुठलं आधीचं कुठलं नंतरचं हे पंडित ठशांकडे बघून वाद घालायचे, कोसंबींनी काटा घेतला. नाणं हातोहाती फिरलं की झिजतं, जास्त फिरलं की जास्त झिजतं, म्हणून नाण्यांच्या गटाचं सरासरी वजन काढ. आधी हे खरंय का बघायला त्यांनी चलनातली साधी नाणी हजारोंनी तोलली. आणि जुन्या नाण्यांच्या मागच्या बाजूला जे बारीक शिक्के असतात ते जितके जास्त तितकं वजन कमी भरलं. ते शिक्के व्यापारी मारायचे, नाणं तपासून बघितल्याची खूण, असं कोसंबींचं म्हणणं.

पव्या म्हणाला, म्हणजे आमच्याच लायनीतले. आणि दुकानात जाऊन काटा घेऊन आला! दोन दशांश दाखवतो तो छोटा काटा, मालकाला काय सांगितलं देव जाणे. मामांनी गल्ल्यातून जाडे पाच काढून दिले, म्हणजे पाच रुपयांची जाड नाणी, ते जुने तांबं-निकेलचे, टांकसाळीतून निघताना 9 ग्रॅमचे, मोजून 11 निघाले. पारावर पेपर पसरला, म्हसोबाच्या समईचा आडोसा केला कारण वाऱ्याने आकडा हलत होता. पहिलं 8.96. दुसरं 8.94. मग एक 8.91, त्याच्यावरचे सिंह पार गुळगुळीत झालेले, बोट फिरवलं तर साबणासारखं लागतं. स्वप्न्या मोबाईलवर शीटमध्ये भरत होता, त्याला कोणी सांगितलंही नव्हतं. आठवं नाणं ठेवलं आणि आकडा आला 9.02.

स्वप्न्या उड्या मारायला लागला, बघा, झिजून वाढलं! अण्णांनी शांतपणे चष्मा पुसला आणि म्हणाले की गाढवा, टांकसाळ काय एकेक नाणं देवघरात बसून घडवते काय, निघतानाच थोडं इकडे थोडं तिकडे असतं. म्हणून तर एका नाण्यावरून काही बोलायचं नाही. पुष्कळ तोलायची, सरासरी खाली गेली का बघायचं आणि आकडे पसरले किती ते बघायचं, कारण जसजशी वर्षं जातात तसतशी सरासरी उतरते आणि पसारा वाढतो, कोणी जास्त झिजतं कोणी कमी.

ह्यावर सगळ्यात चांगला प्रश्न मामांनी विचारला, तेही भांडं विसळता विसळता. ते म्हणाले, जाडे पाच आता येतातच कुठे, मधे म्हणत होते की वितळवून ब्लेड करतात, आणि चांगलं जड नाणं दिसलं की माणूस बाजूला टाकतो आणि घासलेलं खपवतो, मग गल्ल्यात राहिलेली तोलून तुम्हाला कळणार काय? अण्णा दोन मिनिटं गप्प. अण्णा गप्प झालेले मी गेल्या पाच वर्षांत पहिल्यांदा बघितले. मग म्हणाले, बरोबर आहे, लोकांनी निवडून काढलेली असली तर हिशोब गडबडतो.

आणि शलाकाने हे बरोबर पकडलं. म्हणाली, काटा नॅचरल सायन्सचा, पण लोक कुठलं नाणं ठेवून घेतात हे काटा सांगत नाही, त्याला टपरीवर उभं राहावं लागतं वही घेऊन.

स्वप्न्या हार मानणारा नाही. म्हणाला, काटा होता म्हणूनच ते सायन्स झालं, माप असलं की बोलायला जागा राहत नाही. तेव्हा शलाकाने इरावती कर्वे काढल्या. बर्लिनला पीएचडीला गेल्या होत्या, तिथल्या गाईडचं म्हणणं की वंशानुसार कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूत फरक असतो आणि गोऱ्यांचा मेंदू त्यामुळे सरस. बाईंनी कवट्या मोजल्या, फरक वंशावर ठरेना, तसंच लिहून दिलं. माप गाईडकडेही होतंच की, ती म्हणाली, मापाने काय गप्पा थांबल्या त्याच्या?

मी मधे घातलं की गोखले इन्स्टिट्यूटच्या दांडेकर आणि रथ यांनी 1971 साली गरिबी मोजली ती 2250 कॅलरीवर, आता कॅलरी हे तर चोख माप, पण माणशी रोज इतक्या कॅलरी पोटात जायला जेवढा खर्च लागतो तेवढाही जो करू शकत नाही तो गरीब, ही रेषा काही निसर्गाने आखलेली नाही, कोणीतरी बसून ठरवली. ह्याकडे कोणी फार लक्ष दिलं नाही, माझं नेहमीचंच आहे.

मला वाटलं संपलं, शलाका जिंकली. तर अण्णाच उलटले. म्हणाले, एवढं डोक्यावर घेऊ नका. ह्याच कोसंबींनी 1959 साली रीमानचा प्रश्न सोडवल्याचा दावा छापला, गणितातला सगळ्यात अवघड म्हणतात तो, आणि छापला कुठे तर शेतकी संख्याशास्त्राच्या मासिकात. ते चुकलेलं होतं. माणूस सगळ्या वाड्यांत हिंडला की असं होतं, कुठल्याच वाड्यात त्याला कान धरून थांबवणारं कोणी राहत नाही. शलाका म्हणाली की वाड्यातच बसलेले चुकत नाहीत का, अण्णा म्हणाले चुकतात, पण शेजारी लगेच ओरडतात. मला दोघांचंही पटलं, जे कट्ट्यावर चालत नाही, त्यामुळे मी चहा सांगितला.

आठ वाजता पव्याला मालकाचा फोन आला आणि तो काटा घेऊन पळाला. मामांनी नाणी मोजून घेतली तर 10च. पेपर झटकला, समईखाली बघितलं, सच्याचा क्रीमरोलचा कागद उलगडला, नाही. स्वप्न्याने शीट उघडून म्हसोबासमोर उरलेली नाणी एकेक करून ओळखायला घेतली, सालावरून, आणि म्हणाला की 1998चं नाहीये, 9.02वालं. अण्णा तोवर छत्री घेऊन कोपऱ्यापर्यंत पोचले होते. हाक मारली तर न वळता म्हणाले, मामा, माझ्या खात्यावर लिहून ठेव पाच.